धागा : बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवसापासून

१/
पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक, नीलकंठशास्त्री गोरे. यांपैकी कोणतेही नाव निघाले की चर्चा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : यांनी धर्म का बदलला? कुणी त्यांना स्वधर्मद्रोही ठरवतो, कुणी क्रांतीचे अग्रदूत म्हणून गौरवतो. दोन्ही पक्षांची नजर एकाच दिवसावर खिळलेली असते, बाप्तिस्म्याच्या दिवसावर.

२/
त्या दिवसानंतर टिळक २४ वर्षे जगले, रमाबाई ३८ वर्षे आणि गोरे ४७ वर्षे. या काळात त्यांनी काय विचार केला, प्रार्थना कशी केली, कुणाच्या हातचे पाणी प्यायले आणि कुणाशी भांडण मांडले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. वास्तविक त्यांचा खरा विचार तिथेच आहे.

३/
या धाग्याचे प्रतिपादन एवढेच : एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती विचारवंतांसाठी बाप्तिस्मा हा उत्तराचा दिवस नव्हता. जुन्या धर्माला विचारलेले प्रश्न त्यांनी पुढे नव्या धर्मालाही विचारले. आणि त्या प्रश्नांची सर्वांत कठोर परीक्षा ग्रंथांत झाली नाही. ती स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी आणि प्रार्थनेच्या खोलीच्या उघड्या दारात झाली.

४/
आरंभ तर्कापासून. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ चा, झाशीजवळचा. घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. वाढले आणि शिकले ते काशीत. न्याय आणि व्याकरण या शास्त्रांत ते तयार झाले. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मताची बाजू मांडली, तेव्हा तिला संस्कृतातच उत्तर देणाऱ्या पंडितांत हे तरुण शास्त्री होते. त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’.

५/
म्हणजे ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठीच त्यांनी प्रथम लेखणी उचलली होती. मिशनऱ्यांशी वाद घालायलाही ते याच हेतूने जात. वाद लांबला, वाचन वाढले, शंका उलट दिशेने वळल्या आणि मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवे नाव नेहेम्या. १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ आला. काशीच्या पंडितांनी जी तर्काची शस्त्रे त्यांच्या हाती दिली होती, तीच त्यांनी सहा दर्शनांवर चालवली.

६/
वेदान्तावरील त्यांचा मुख्य आक्षेप समजून घेण्याजोगा आहे. अद्वैत मत सत्तेच्या तीन पायऱ्या मानते : पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. ब्रह्म पारमार्थिक सत्य. आपले रोजचे जग व्यावहारिक. दोरीवर भासणारा साप प्रातिभासिक. गोरे विचारतात, हे जग शेवटी मिथ्याच असेल, तर शेजाऱ्यावर झालेल्या अन्यायाचे वजन किती? पाप करणारा आणि पाप सोसणारा दोघेही अंती एकच असतील, तर उत्तरदायित्व कुणाचे?

७/
वेदान्त्यांपाशी यावर उत्तर नव्हते असे मुळीच नाही. व्यवहार चालू आहे तोवर व्यवहारातील नीती पूर्णपणे बंधनकारक आहे, हे त्यांचे म्हणणे. आणि ते दुबळे नाही. गोऱ्यांनी आपल्या प्रतिपक्षाला नेहमी पुरता न्याय दिला, असेही म्हणता येणार नाही. तरी त्यांच्या प्रश्नाची दिशा महत्त्वाची होती. तत्त्वज्ञानाची कसोटी त्यांनी नीतीवर लावली : हा सिद्धान्त मानणारा मनुष्य उद्या सकाळी कसा वागेल?

८/
हीच कसोटी त्यांनी स्वतःलाही लावली. धर्मांतरानंतरचे त्यांचे आयुष्य विजयी वीराचे नव्हते. शंका त्यांना अखेरपर्यंत छळत राहिल्या. ते अत्यंत साधे, विरक्त जीवन जगले आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले. घराणे, मानमरातब, सारे गमावून जे सत्य जवळ केले, त्याच्याविषयीही प्रश्न विचारत राहणे यास धैर्य लागते. प्रचारपत्रिकांत या धैर्याला जागा नसते.

९/
गोऱ्यांच्या लेखनाने आपल्याला निर्णयाप्रत नेले, असे पुढे ज्या व्यक्तीने स्वतः नमूद केले, ती म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी संस्कृताचे संस्कार झाले, दुष्काळात आईवडील गेले, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन झाला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१०/
कथा इथे संपली असती तर ती कुणाही मिशनच्या अहवालात शोभली असती. पण बाप्तिस्म्यानंतर लगेचच रमाबाईंची पत्रे वादाने भरून जाऊ लागली. वाद आता काशीच्या शास्त्र्यांशी नव्हता. ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांशी होता. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वासाहतिक काळातील एका भारतीय स्त्रीच्या विवेकाचा त्याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

११/
प्रश्न कोणते होते? देवाच्या त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला पटल्याशिवाय केवळ चर्च सांगते म्हणून कसा मानायचा? अथानेशियसच्या नावे चालणारा विश्वासांगीकार न म्हणणारा मनुष्य ख्रिस्ती नव्हेच का? पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतल्यावर दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात ती का द्यावी? हा शेवटचा प्रश्न रमाबाईंनी जवळजवळ याच अर्थाच्या शब्दांत विचारला होता.

१२/
चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची संधी चालून आली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. असे केल्यास भारतात रमाबाईंच्या प्रतिष्ठेला बाध येईल, हे त्यांचे कारण. जिने बंगालमध्ये आणि महाराष्ट्रात पुरुषांच्या भरसभांत व्याख्याने दिली होती, तिला आता नव्या धर्माचे अधिकारी मर्यादा शिकवत होते! रमाबाईंनी ती गोष्ट निमूटपणे स्वीकारली नाही. आपल्या बुद्धीचा आणि सदसद्विवेकाचा अधिकार आपण कुणाला विकलेला नाही, हा त्यांच्या उत्तराचा आशय.

१३/
आता ताटाकडे पाहू. रमाबाईंनी इंग्लंडमध्येही शाकाहार सोडला नाही. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीच्या जुन्या अभिमानाची छाया दिसली. रमाबाईंचे म्हणणे निराळे होते : ख्रिस्तावरील श्रद्धेला बाधा येत नसेल तिथे पूर्वजांच्या चालीरीती पाळायला काय हरकत? आपण हिंदू म्हणवून घेणे आपल्याला आवडते, असेही त्यांनी लिहिले. क्रुसावर लॅटिन वचन कोरलेले असावे, हेही त्यांना रुचले नाही. संस्कृत का नको?

१४/
या वादात दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत आणि म्हणूनच तो मोलाचा आहे. ब्राह्मणी शाकाहारात शुद्धाशुद्धतेची कल्पना मिसळलेली असते, ही जेराल्डिनबाईंची शंका निराधार नव्हती. आणि ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे नव्हे, हे रमाबाईंचे म्हणणेही तितकेच खरे. श्रद्धा कुठे संपते आणि सवय कुठे सुरू होते, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या वर्गात सुटत नाही. तो जेवायला बसल्यावर सुटतो, किंवा सुटतही नाही.

१५/
तर्काकडून आता प्रार्थनेकडे. देवाशी कोणत्या भाषेत बोलावे? हा प्रश्न मराठी ख्रिस्ती परंपरेत ब्रिटिशांच्या फार आधीपासून आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये वारले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, एकूण ओव्या अकरा हजारांच्या घरात. पुराण ऐकायला सरावलेल्या कानांना त्यांनी बायबलची कथा पुराणाच्याच चालीत ऐकवली.

१६/
याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायासन अर्थात इन्क्विझिशन काम करत होते आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. एकाच चर्चच्या छायेत एक पाद्री मराठीचे सौंदर्य गातो आणि पुढच्या काही दशकांत सत्ता लोकांना त्यांची बोली सोडायला सांगते. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात; त्यांपैकी सोयीची तेवढी उचलणे हा इतिहास नव्हे.

१७/
स्टीफन्स यांच्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी हाच प्रश्न नारायण वामन टिळकांनी पुन्हा हाती घेतला. जन्म १८६१, कोकणातील करजगावचा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढचे कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर, अमेरिकन मराठी मिशनमध्ये.

१८/
तोवर मराठी मंडळ्यांत गायिली जाणारी बहुतेक गीते इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे होती. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांना उपासनेत आणले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची भूमिका होती. आज मराठी मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या ग्रंथात टिळकांच्या पदांचा फार मोठा वाटा आहे. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतले. ते अपुरे राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

१९/
यास कुणी प्रचाराची युक्ती म्हणेल. तसे म्हणणाऱ्याने टिळकांची अखेरची वर्षे पाहावीत. परदेशी मिशनरी भारतीय ख्रिस्तजनांना कायम अज्ञान मुलासारखे वागवतात, ही टीका त्यांनी उघडपणे केली. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. ज्या संस्काराने टिळकांचे घर दुभंगले होते, त्या संस्काराची अट त्यांनी स्वतःच्याच दरबारातून काढून टाकली.

२०/
रमाबाईंनी याच प्रश्नाचे नेमके उलट उत्तर दिले. मूळ हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांची ओढ साध्या, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशा भाषेकडे होती. आणि हिंदू उपासनेचा वास असलेले संस्कृत शब्द त्या कटाक्षाने टाळत. टिळकांना संतांची भाषा पूल वाटली. जिला लहानपणापासून पुराणे मुखोद्गत होती, त्या रमाबाईंना त्याच भाषेतील कित्येक शब्द भिंतीसारखे वाटले.

२१/
कोण बरोबर? कवितेच्या बाजूने पाहिले तर कौल टिळकांकडे जातो. त्यांची पदे आजही गायिली जातात आणि रमाबाईंचे भाषांतर फारसे प्रचारात राहिले नाही. पण रमाबाईंचा मुद्दा सहज झटकून टाकता येत नाही. जी भाषा गोड वाटते ती कुणाला गोड वाटते? जिला ती भाषा शिकण्याची बंदी होती, तिलाही ती तशीच वाटते का? केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी हे बायबल स्वतःच जुळवले आणि छापले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

२२/
प्रार्थनेची भाषा एक, प्रार्थनेची जागा दुसरी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंनी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. अमेरिकेतून येणाऱ्या मदतीची अट अशी की सदनात धर्मशिक्षण असू नये. ब्राह्मण विधवा मुलींना आपले आचार पाळण्याची पूर्ण मुभा होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत मनोरमेसह रोज प्रार्थना करीत, आणि त्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या.

२३/
१८९३ मध्ये या उघड्या दारावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुलींना घरी नेले. दार लावून घेतले असते तर सदन शांतपणे चालले असते. रमाबाईंचे म्हणणे असे की, माझ्या घरात मी माझ्या देवाशी बोलणार आणि मुलींना माझ्या खोलीत येण्यास कधीच बंदी नव्हती. प्रार्थनेच्या वेळेपुरते त्यांना बाहेर का काढावे?

२४/
इथे रमाबाईंच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. तसे करू नये. आसऱ्याला आलेली, जगात दुसरे कुणी नसलेली मुलगी जिच्या अन्नावर जगते, तिच्या श्रद्धेकडे ओढली जाणे किती मोकळेपणाचे असते, हा टीकाकारांचा प्रश्न खरा होता. पण त्याच टीकाकारांच्या घरांत विधवा मुलीचे केस उतरवताना तिची संमती कितीजणांनी विचारली होती? संमतीचा आग्रह एकाच दारापाशी धरला की तो आग्रह नीतीचा राहत नाही.

२५/
आणि रमाबाईंनी सत्तेपुढे मौन पाळले, असेही कुणी म्हणू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सरकारी बंदोबस्तात स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले आणि तो विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचला. सरकार ख्रिस्ती होते, टीका करणारीही ख्रिस्ती होती. धर्म एक असल्याने सत्य सांगण्याचे कर्तव्य कमी होत नाही, एवढाच त्या पत्राचा धर्मशास्त्रीय अर्थ.

२६/
आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती : लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८. शाळेचे तोंड पाहिले नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात. माहेरी वडिलांना सोवळ्याचे जवळजवळ वेडच होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नसे. अशा घरात वाढलेल्या बाईचा नवरा एके दिवशी ख्रिस्ती झाला. पुढची काही वर्षे त्या मुलासह नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या.

२७/
पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवून. एकाच घरात दोन चुली. टिळकांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी कुणाचे व्याख्यान ऐकून मत बदलले नाही. एकट्याने विचार केला. देवाने माणसात स्त्री आणि पुरुष निर्माण केले हे दिसते, जाती त्याने निर्माण केल्या हे कुठे दिसते? जात माणसांची केलेली आहे, या निष्कर्षावर त्या आल्या आणि यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवले.

२८/
क्रम लक्षात घ्या. हा निर्णय आधी झाला. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पिण्याचे पाणी आधी आले आणि बाप्तिस्म्याचे पाणी मागाहून. गोऱ्यांनी सहा दर्शनांवर ग्रंथ लिहून जो प्रश्न विचारला, ‘हे मानणारा मनुष्य उद्या सकाळी कसा वागेल?’, त्याचे उत्तर या बाईंनी आधी वागून दिले आणि मग काय मानायचे ते ठरवले. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या कृतीला जागा नसेल, तर दोष त्या इतिहासाच्या चौकटीचा आहे.

२९/
हे वाचून मंडळीच्या दारात जात संपली, असा समज होऊ नये. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने ख्रिस्ती होणाऱ्याने जात सोडलीच पाहिजे असा आग्रह धरला आणि १८३९ मध्ये ख्रिस्ती झालेल्या हरिपंत खिस्ती यांच्यासारख्या ब्राह्मणांनी तो पाळला, हे खरे. पण गोव्याच्या चर्चमध्ये जातवार बंधुसंघ दीर्घकाळ राहिले, आणि ख्रिस्ती समाजातील सोयरिकी जात पाहून होत राहिल्या, हेही तितकेच खरे.

३०/
शिवाय या धाग्यात आलेली नावे पाहा : बहुतेक सारी ब्राह्मण घराण्यांतील. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मांग कुटुंबांतून आला, पण त्यांच्या आत्मचरित्रांनी कपाटे भरलेली नाहीत. ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे ही ‘वैचारिक घटना’ आणि महाराने ख्रिस्ती होणे हे ‘आमिष’, अशी वाटणी आजही सर्रास केली जाते. विचार करण्याचा अधिकार कुणाला आहे, याविषयीचा जुनाच समज त्या वाटणीत नव्या वेषात वावरतो.

३१/
या समजाला उत्तर १८५५ मध्येच दिले गेले आहे. जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मांग समाजाची मुक्ताबाई साळवे ही विद्यार्थिनी ख्रिस्ती नव्हती, पण तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला तो मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या पत्राने. वेद ब्राह्मणांचे, तर मग आम्हाला धर्मग्रंथच नाही. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा प्रश्न. त्या वेळी तिचे वय अवघे चौदा वर्षांच्या आसपास. धर्म म्हणजे काय, हा प्रश्न इतक्या थेटपणे त्या शतकात फार थोड्यांनी विचारला.

३२/
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना हाच काटा धरला : नव्या धर्माने भारतीय ख्रिस्ती मनुष्याच्या मनातील जात खरोखर घालवली का? त्यांचे उत्तर कठोर होते. प्रश्न आजही कागदोपत्री जिवंत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून जात सुटली, असे कायदा मानतो. गाव मानते का, हे गावात विचारावे.

३३/
तेव्हा मूळ मुद्द्याकडे. ‘त्यांनी धर्म का बदलला?’ हा प्रश्न निरर्थक नाही, पण तो अपुरा आहे आणि बहुधा आळसाने विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या पक्षाला सोयीचे असे आधीच तयार असते. ‘त्यानंतर ते कसे जगले?’ हा प्रश्न अधिक कष्टाचा आहे. त्यासाठी पत्रे वाचावी लागतात, आत्मचरित्रे वाचावी लागतात आणि आपल्या नायकाचा दोष व प्रतिपक्षाचा रास्त मुद्दा या दोन्ही गोष्टी एकाच पानावर सोसाव्या लागतात.

३४/
हा प्रश्न केवळ ख्रिस्ती झालेल्यांनाच विचारायचा असेही नाही. जे धर्मात जन्मले आणि तिथेच राहिले, त्यांनाही तो लागू आहे. गोऱ्यांची शंका, रमाबाईंचे उघडे दार, टिळकांचा बिनअटीचा दरबार आणि लक्ष्मीबाईंचा पाण्याचा पेला यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : श्रद्धा कोणती हे माणूस एका दिवसात सांगू शकतो, ती खरी आहे की नाही, हे त्याच्या घरी पाणी प्यायला आलेला मनुष्य सांगतो.

३५/
‘स्मृतिचित्रे’ अनेकांनी शाळेत एखाद्या धड्यापुरती वाचलेली असतील, हसतखेळत. ती पुन्हा सलग वाचावीत. त्या हसण्याच्या आड एक बाई एकट्याने बसून, कुठलेही शास्त्र हाताशी नसताना, हजार वर्षांच्या सवयीशी वाद घालताना दिसेल. वाद संपल्यावर ती कुणाला हरवल्याचे जाहीर करत नाही. उठते आणि कामाला लागते.

(धागा समाप्त)